आमच्या स्टाफरूमचं पथ्यपाणी

शाळेत पोरांच्या बाटल्यांची झाकणं राहून जातात ना, कुणाची ते कळत नाही आणि फेकवतही नाहीत, तसे आमच्या स्टाफरूममध्ये किस्से साठलेत. मी घाटनांदूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. मधल्या काळात आमच्यातल्या प्रत्येकाच्या रिपोर्टमध्ये काही ना काही निघालं, आणि तेव्हापासूनचे किस्से तर विसरू म्हटलं तरी विसरत नाहीत.

*

वाघमारे सर इतिहास शिकवतात. गोडाचे एवढे शौकीन, की पंगतीत वाढपी त्यांच्यापाशी बुंदीची बादली ठेवूनच पुढं जायचे. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्यांना शुगर सांगितली. नेमका त्याच आठवड्यात सरांचा वाढदिवस. आम्हाला काहीच माहीत नाही, आम्ही भला मोठा केक आणलेला.

सरांनी तो कापला. एकेकाला हातानं भरवला. बोटाला लागलेलं क्रीम रुमालाला पुसलं आणि आपल्या डब्यातली काकडी काढून खायला बसले. शेख मॅडमनी विचारलं, सर, हे काय?

"डॉक्टरनं खायला बंदी केलीय. भरवायला न्हाई."



*

या शेख मॅडमच्या घरी रोजा सोडताना पूर्वी भजी, समोसे आणि लालभडक सरबत असायचं. सासऱ्यांचं बीपी वाढलं तेव्हा मॅडमनी ताटात कलिंगड, पपई आणि साधं पाणी ठेवलं. अब्बांनी ताट सरकवलं. "मी काय आजारी हाय का?" म्हणाले. मॅडमनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ताट, तिसऱ्या दिवशीही तेच.

पुढच्या रमजानला आम्ही त्यांच्याकडं इफ्तारला गेलो. ताटात फळंच फळं. अब्बांचे एक जुने दोस्त कुरकुरले, आम्ही काय आजारी आहोत का म्हणून.

अब्बांनी कलिंगडाची फोड त्यांच्या हातात दिली. "न्हाई ना? मंग खा की. कावून आजारी पडतो?"

मॅडम स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

*

माझंही सांगते. वजन वाढलं म्हणून मैद्याचं बंद करून ज्वारीवर आले, पण भाकरी कुठं येत होती! वाघमारे सरांच्या बायकोनं, लताताईंनी, माझा हात हातात धरून शिकवली. तरी माझी भाकरी कधी लांबट, कधी कडेला फाटलेली. नवरा रोज ताटावर बसून विचारायचा, "आज कोणता जिल्हा हाय?"

मग एका सकाळी भाकरी तव्यावर टम्म फुगली. नवरा ताटावरून उठून चुलीपाशी आला आणि तव्यावर वाकला. हळूच म्हणाला, "नकाशा गेला की."

*

आमचे प्रिन्सिपल लोमटे सर घरापासून कॉलेजपर्यंत चालत यायला लागले, तर गाववाले काही चालू देईनात. जो तो गाडी थांबवायचा. गाडी बिघडली का सर, बसा सर. नाही म्हटलं की माणसं नाराज. शेवटी सरांनी उलटंच केलं. जो थांबेल त्याला म्हणायचं, तूच उतर, चल माझ्यासंगं.

एकदा दिंद्रुडकडं लग्नाला निघालेली जीप थांबली. आत त्यांचे जुने विद्यार्थी होते. सर तेच म्हणाले. मी कॉलेजच्या गेटवर उभी होते. बघते तर फेटे बांधलेले धा-बारा बाप्ये सरांसोबत गप्पा मारत चालत येताहेत, आणि मागून रिकामी जीप बैलगाडीच्या चालीनं.

त्यांच्यातला एक जण घाम पुसत म्हणाला, "सर, वर्गात तुमी एवढं कधी ऐकून घेतलं न्हाई आमचं."

*

देवकते सर गणित शिकवतात. त्यांचे वडील, आबा, जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. म्हातारपणी दृष्टी पार गेली, म्हणून सरांनी त्यांना इथं आणलं. बसून राहिले तर पाय जातील, चालवत जा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सर रोज संध्याकाळी त्यांना कोपराला धरून ग्राउंडवर फिरवायचे.

एका दुपारी घरून फोन आला, की आबा घरात नाहीत. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही सगळे निघालो. बसस्टँड बघितलं, विहिरी बघितल्या. ऊन कलायला आलं तेव्हा कुणीतरी सांगितलं, की रस्त्यानं एक कळप गेला, त्याच्या मागं एक म्हातारा होता.

गावाबाहेरच्या माळावर आबा सापडले. मेंढरांच्या मधोमध, काठी खांद्यावर आडवी, ताठ उभे. सरांनी पळत जाऊन त्यांना मिठी मारली आणि लहान पोरासारखे रडले. आबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

कळपवाली बाई परक्या गावची होती. तिला काही कळेना. मी तिला समजावलं, की बाई, आजोबांना दिसत नाही, दोन्ही डोळे गेलेत, म्हणून आम्ही घाबरलो.

तिनं आबांच्या डोळ्यांपुढं हात हलवून बघितला. मग पदरात गुंडाळलेलं कोकरू तिनं खाली ठेवलं.

"दिसत न्हाई? मंग हे झुडपात अडकल्यालं, मला घावंना, ते यांनी कसं आणून दिलं?"