हंसावहिनीची डावी किडनी

हंसावहिनीने किडनी विकली आणि त्या पैशांतून घरावर स्लॅब टाकला, ही बातमी आमच्या उमेळे गावात फुटली तेव्हा मी लग्नाला बाहेरगावी होतो. याची मला अजून चुटपुट आहे. सगळ्यांआधी ऐकण्याचा मान गेला! नंतर मात्र ती पोटभर ऐकली. कुणी म्हणे किडनी सुरतेला गेली, कुणी म्हणे दुबईला. स्लॅबही दर खेपेला वाढत होता.

हंसावहिनी म्हणजे आमच्या शत्रुघ्नची बायको. वय साठीला टेकलेलं, घरची केळीची वाडी. पण तिला खरं बघावं ते बावखलात. बावखल म्हणजे वाडीला पाणी मिळावं म्हणून जुन्या लोकांनी खणलेलं तळं. चहूकडे बावखलं बुजवून बिल्डिंगी उठल्या, आमचं एक अजून शाबूत आहे. दर मे महिन्यात वहिनी साडीचा काचा मारून त्यात उतरते आणि मुलींना पोहायला शिकवते. फुकट. पोरीच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि द्यायचं ढकलून! आमच्या आळीतली एकही पोर पाण्याला भीत नाही, ती तिच्यामुळे. पाहुणे आले की लोक त्यांना जवळचा किल्ला दाखवतात; मी हंसावहिनी दाखवतो.

तर गेल्या उन्हाळ्याआधी तिचं पोट दुखू लागलं. पित्ताचे खडे असतील म्हणून सोनोग्राफीला पाठवलं. खडे निघाले नाहीत. पण तपासणारा डॉक्टर डाव्या कुशीवर यंत्र फिरवतच राहिला. शेवटी म्हणाला, "मावशी, डावी किडनी कधी काढली?"

"काढली? कोनी काढली?" वहिनी ओरडली.

बाहेर बाकावर समोरच्या बिल्डिंगीतली विनिता बसली होती. तिने त्यातलं 'काढली' तेवढं उचललं आणि घरी आणलं.

मे उजाडला. बावखलावर एकही मुलगी नाही. पैशासाठी किडनी विकणाऱ्या बाईच्या भरवशावर पोर पाण्यात कशी सोडायची, असं आयांचं म्हणणं.

शत्रुघ्न म्हणाला, "अगं, रिपोर्ट दाखव की सगळ्यांना."

"माझं पोट काय नोटिशी लावायचा फळा हाय? भरवसा असंल तर येतील पोरी. नायतर डबे भंगारात देते."

आणि ती रोज सकाळी एकटीच पोहू लागली. काठाकाठाने नाही, मधोमध.

ते बघून बघून विनिताचीच मुलगी क्षितिजा फुटली. आदल्या वर्षी तिचं पोहणं अर्धवट राहिलं होतं. एका रविवारी टॉवेल खांद्यावर टाकून ती सरळ काठावर हजर. मागोमाग आई धावत.

"क्षितिजा, घरी चल आधी!"

"नाही. मला हंसाआजीकडेच शिकायचंय."

वहिनीने पाण्यातूनच विचारलं, "विनिता, तुला येतं का गो पोहायला?"

"मला? नाही हो, काकू."

"मग आधी तू उतर. माझा भरवसा तूच बघ, मग पोरीला पाठव."

मी खुर्ची मागवली. असा खेळ रोज लागत नाही! लेकीनेच आईच्या पाठीला डबा बांधला. पंजाबी ड्रेससकट विनिता पाण्यात गेली आणि अशी किंचाळली की वाडीतले बगळे उडाले. वहिनीने तिला हाताला धरून मधोमध नेलं. भीती जरा ओसरली, तशी जीभ सैल झाली.

"काकू, रागावू नका हं. पण किती मिळाले हो किडनीचे?"

वहिनीला असं हसू फुटलं की ती स्वतः गटांगळी खाऊन वर आली. पण विनिताचा हात काही सोडला नाही. दुसऱ्या दिवशी डबे कमी पडले, एवढ्या मुली आल्या.

विनिताला तिने तिथेच, पाण्यात सांगितलं ते असं. सोनोग्राफीनंतर मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. ऑपरेशनची खूण कुठेच नव्हती. स्लॅब केळीच्या पैशांचा आहे. हंसावहिनीला जन्मापासून एकच किडनी आहे.