एका श्वासातला पाढा
दम्याच्या पंपाचा 'फुस्स' आवाज ऐकला की मला बेलापूरच्या एका हॉस्पिटलातलं फिनाइलचा वास मारणारं बाथरूम आठवतं. आईच्या थायरॉईडची गाठ श्वासनलिकेवर दाबत होती, त्यामुळे ती बसूनच झोपायची. आणि छातीत घरघर आहे म्हणून ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं होतं. त्या सकाळी तिने बाथरूममध्ये दोन पफ घेतले, पंप माझ्या खिशात कोंबला आणि म्हणाली, "विचारलं तर महिनाभर दम लागला नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा परत पाठवलं तर मी यायची नाही हां." मोठे डॉक्टर पाच जणांच्या लवाजम्यासह आले, फक्त ताशा नव्हता. मागून आलेल्या भूलतज्ज्ञ बाईंनी मात्र कामाचं विचारलं, "आजी, एका श्वासात वीसपर्यंत मोजता?" "वीस कशाला? तीस वर्षं शाळेत शिकवलंय," म्हणत आईने एकोणतीसचा पाढा धडाधड दोनशे नव्वदपर्यंत नेला. लवाजम्याने टाळ्या वाजवल्या. "घरी दम वगैरे लागतो का?" बाईंनी मला विचारलं. खिशातला पंप मुठीत धरून मी "नाही" म्हणालो. भूल देताच तिची छाती आवळली आणि पुढचे चार दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. वाचली. आता नातीला पाढे शिकवते, पण एकोणतीसच्या पाढ्यात सत्त्याऐंशीलाच तिचा श्वास संपतो. परवा माझी मुलगी एकटीच तो पाढा म्हणत होती. तीही सत्त्याऐंशीला थांबली. का थांबलीस, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "इथे थांबायचं असतं, बाबा. आजी थांबते ना."