गणपतीमागची भिंत

"सवड मिळाली की मीही काहीतरी करणार आहे," असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. माझ्या सुनांना हे ठाऊक आहे, म्हणून त्या ते वाक्य माझ्या माघारी बोलतात. सवड ही काय मुंबईची पाहुणी आहे, बोटीतून उतरून ट्रंक घेऊन दारात उभी राहायला? मला ती कधीच भेटली नाही. तरी आमच्या वाडीतल्या जुन्या बायका भेटल्या की माझ्या स्वयंपाकाचं नाव काढत नाहीत, माझ्या भिंतीचं काढतात. घरात मला बढाईखोर म्हणतात. म्हणोत बापडे. केलेल्या गोष्टीची बढाई मारायला मला लाज वाटत नाही.

माझं माहेर गणपतीपुळ्याच्या बाजूचं. तिकडे घरात गणपती आणायची रीत नाही. चतुर्थीला सगळा गाव देवळातल्या बाप्पाच्या दर्शनाला जातो आणि घरी येऊन मोदक खातो. त्यामुळे लग्न होऊन मी भाट्याच्या खाडीपलीकडे सासरी आले, तेव्हा घरात बसलेला गणपती मी पहिल्यांदा पाहिला. ही एकोणीसशे तिसाच्या थोडी आधीची गोष्ट. घर आगराचं, नारळी-पोफळी आणि हापूसची कलमं, गोठ्यात म्हशी, आणि जेवायला रोज दोन पंगती.

पण मूर्तीपेक्षा मी तिच्यामागच्या भिंतीकडेच बघत राहिले. दर वर्षी श्रावण संपता संपता ती भिंत चुन्याने पांढरी करायची आणि तिच्यावर नवं चित्र काढायचं, अशी त्या घरची पद्धत. चित्र काढायचे माझे सासरे, मामंजी. त्या वर्षी त्यांनी दोन्ही बाजूंना झुलीचे हत्ती, मध्ये कमान आणि कमानीवर मोर काढले होते. वर फळाफुलांची माटवी टांगलेली, खाली समया. सगळे आरती म्हणत होते आणि मी मोराचा पिसारा कोणत्या रेघेपासून सुरू केला असेल ते शोधत होते. जाऊबाईंनी कोपराने ढोसलं तेव्हा मी टाळ्या वाजवायला लागले.

माहेरी मी अंगणात, तुळशीवृंदावनावर, सापडेल तिथे काहीतरी काढत असे. सासरी आल्यावर ते सुटलं, कारण पहाटे म्हशीच्या हंबरण्याने दिवस सुरू व्हायचा तो शेवटचं पातेलं पालथं घालीपर्यंत. ताक, पाणी, मऊभात, दोन पंगतींचा स्वयंपाक, उष्टीखरकटी, भात निवडणं, आमसुलं, फणसाचे गरे, गडीमाणसांचा चहा. मी रडले नाही, पण चिडचिडी झाले. माझ्या बोटांना काहीतरी हवं होतं आणि ते काय, हे सांगायची सोय नव्हती.

दोन-तीन वर्षांनी मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. श्रावणात ओटीवर बोलणं चाललं होतं की यंदा भिंत कोण रंगवणार. रत्नागिरीहून कोणी रंगारी आणावा, की नुसती पांढरी ठेवावी? मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी काढीन."

जाऊबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "हात दाखवून अवलक्षण कशाला गो?" निकाल दिला तो सासूबाईंनी, हातातलं काम न थांबवता. "काढू दे. पण चूल सांभाळून. पान एकदा जरी उशिरा वाढलं गेलं ना, तर भिंत पांढरीच राहील, सांगून ठेवत्ये."

मी मनात म्हटलं, बघाच.

आता काढायचं काय आणि सराव करायचा कधी? कागद नव्हता, आणि असता तरी तो हातात धरून बसायला कोणी दिलं नसतं. पण दोन्ही वेळच्या पंगती उठल्या की जमीन शेणाने सारवायचं काम माझ्याकडे होतं. ओलं सारवण म्हणजे पाटीच की. पोतेरं फिरवता फिरवता मी एका बोटाने रेघ ओढायची, बघायची आणि पुढच्या फेरीत पुसून टाकायची. काम कुठेच थांबत नव्हतं. उलट माझी जमीन इतकी गुळगुळीत दिसायला लागली की सासूबाईंनाही नाव ठेवता येईना.

मला अर्थातच हत्ती काढायचा होता. देवामागे हत्ती असतो, एवढंच मला ठाऊक होतं. रोज हत्ती, रोज पुसायचा. सोंड जमेना, पाय जमेनात, पाठीचा उतार भलतीकडेच जायचा. एकदा सासूबाई दुपारी ताकाचं भांडं घेऊन तिथून जात होत्या. थांबल्या, माझ्या त्या हत्तीकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "म्हैस कोणाची गो ही? आपली बांडी वाटत्ये."

मला असा राग आला की मी हाताने सगळं फिसकटून टाकलं. संध्याकाळपर्यंत मी कोणाशी धड बोलले नाही. धारेला बसले तेव्हा मात्र समोर ती बांडीच उभी होती, कान हलवत. मी तिच्याकडे बघितलं, आणि खरं सांगते, मला हसू आलं. हत्ती मी आयुष्यात एकदा पाहिला होता, लहानपणी, तोही मागून. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हैस मात्र माझ्या बोटांत आपण होऊन येऊन बसली होती, कारण तिच्या बरगडीशी कपाळ टेकून मी दोन्ही वेळा दूध काढत होते.

त्या दिवसापासून माझं कामातलं लक्ष दुप्पट झालं. हात कामाला बांधलेले होते, डोळे कोणी बांधले नव्हते. भात निवडताना जाऊबाई एक पाय दुमडून कशा बसतात ते मी बघत होते. पोफळीवर चढणाऱ्या गड्याच्या पिंढऱ्या, डोक्यावरच्या कळशीने मानेला येणारा बाक, खाडीतल्या गलबताचं उतरवलेलं शीड, तरीच्या होडीतून उतरणाऱ्या बायकांनी उचलून धरलेल्या निऱ्या. रोज बघून बघून ज्याचा कंटाळा आला होता, त्यातलं काहीच मी धड पाहिलं नव्हतं. दिवस तेवढाच होता आणि काम तेवढंच, पण आता सकाळी उठताना मला घाई असायची. काही दिवस कोरडे जायचे. तेव्हाही सारवताना एक रेघ तरी ओढायचीच, असं मी स्वतःला लावून घेतलं होतं.

भिंत चुन्याने पांढरी झाली. वाण्याकडून तांबडी काव, पिवळी पेवडी आणि नीळ आणली, काळ्यासाठी काजळ होतं, आणि डिंकाचं पाणी केलं. केवड्याची मुळी ठेचून कुंचले केले. रात्री कंदिलाच्या उजेडात निळं कुठलं आणि हिरवं कुठलं कळत नाही, म्हणून दुपारी घरातली माणसं आडवी होत तेवढाच वेळ माझा. कुंचला हातात घेतल्यावर विचार करायला मी थांबत नव्हते, सगळं जमिनीवर आधीच काढून झालं होतं. एकीकडे चुलीवर रात्रीच्या आमटीला उकळी येत असायची आणि तिच्या आवाजावरून मला कळायचं की किती वेळ उरला. पान एकदाही उशिरा वाढलं गेलं नाही. पुन्हा सांगते, एकदाही नाही.

पुरं होईपर्यंत कोणी बघू नये म्हणून मी भिंतीवर जुन्या लुगड्याचा पडदा टांगला होता, तो हरतालिकेच्या दिवशी काढला. आमचंच आगर होतं ते. रहाट, खाडी, गलबत, बांडी, भात निवडणाऱ्या जाऊबाई, कळशी घेतलेली शेजारची सून. आणि मधोमध, जिथे मूर्तीच्या डाव्या खांद्यावरून नजर जाईल तिथे, खळ्यात वाकून आमसुलं पसरणाऱ्या सासूबाई.

मामंजी भिंतीशी गेले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून नाक जवळजवळ टेकवून त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी भिंत पाहिली. मग म्हणाले, "देवाच्या मागे म्हैस? लुगडी खोचलेल्या बायका? उद्या भटजी येतील, वाडी येईल, लोक तोंडात शेण घालतील. चुना शिल्लक आहे ना? फिरवा हात."

मी ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे बघितलं. ते खांबाकडे बघत होते. मोठ्या माणसांपुढे तोंड उघडायची त्यांची प्राज्ञा नव्हती, आणि त्या क्षणी माझीही नव्हती.

सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. स्वतःच्या त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मागे वळून मला विचारलं, "इतकी वाकल्ये मी?"

खोटं बोलणं मला सुचलं नाही. "हो," मी म्हटलं.

"हं," त्या म्हणाल्या. मग मामंजींकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "इतकी वर्षं तुम्ही हत्ती काढलेत, मी काही बोलल्ये? या घरात हत्तीने एक दिवस काम केलेलं मला आठवत नाही. बाप्पा इथे बसून नैवेद्य खाणार, तर तो कोण रांधतं ते त्याला दिसू दे की. चुना मी परसात ओतून आल्ये."

मामंजी हसले की खोकले ते कळलं नाही, पण ओटीवर निघून गेले. मी तिथेच खाली बसले आणि रडले. आनंदाने रडले, त्यात लपवायचं काय?

दुसऱ्या दिवसापासून वाडी लोटली. बायका मूर्तीला नमस्कार करत आणि लगेच भिंतीकडे वळत. "हा आमच्या दारचा माड," "ही बघ तुझी मान," अशी ओळखपाळख चाले. पलीकडच्या वाडीतून, खाडीपारहूनसुद्धा माणसं बघायला आली. आणि मामंजी, तेच मामंजी, येणाऱ्याला हाताला धरून भिंतीपाशी नेत आणि सांगत, "आमच्या सूनबाईंनी काढलंय. चूल सांभाळून, बरं का." चेहरा असा, जसं काही त्यांनीच मला कुंचला धरायला शिकवलं होतं.

वर्ष गेलं. पुन्हा श्रावण आला. मामंजींनी आधीच जाहीर करून टाकलं की भिंत यंदा तशीच ठेवायची, इतकं चांगलं चित्र पुसायचं नाही, नुसती बाजूने सफेदी करा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सर्वांत जोरात डोलावली. लोकांना वाटलं, हिला अभिमान आहे. अभिमान होताच. पण मला भीती वाटत होती, हे मी कोणाला सांगितलं नाही. पुन्हा काढलं आणि तसं नाही उतरलं तर? गेल्या वर्षी देव पावला असेल, दर वर्षी थोडाच पावतो? भिंत तशीच राहिली तर मी कायमची ती भिंत काढणारी सून राहणार होते, आणि त्यात माझं पोट भरलं होतं. सारवताना बोट फिरवणंही मी केव्हाच सोडलं होतं. का, तर सवड मिळत नाही, असं मीच जाऊबाईंना सांगत होते.

एके दिवशी दुपारी मी माजघरात आले, तर सासूबाई चुन्याचं भांडं घेऊन भिंतीपाशी उभ्या. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी कुंचला बुडवला आणि पहिला फटकारा मारला तो मधोमध, स्वतःच्याच अंगावर. वाकलेली पाठ गेली, आमसुलांचं सूप गेलं. मी जाऊन त्यांचा हात धरला. सासूचा हात धरायचा नसतो, पण मी धरला.

"मामंजी ठेवा म्हणाले होते!" मी जवळजवळ ओरडलेच.

"त्यांना ठेवू दे हवं तर डोक्यात. गेल्या सालचा नैवेद्य यंदा मांडशील होय गो देवापुढे?"

"पण तुमचंच चित्र होतं ते. सगळ्यांत चांगलं."

"म्हणून तर आधी ते पुसलं. ते राहिलं असतं तर तुझा हात त्याच्यापाशीच अडला असता. आता बाकीचं पुसायला तुला काही वाटायचं नाही."

चुना भिंतीवरून ओघळत होता, आणि त्याखाली मघाशी असलेली बाई आता कुठेच नव्हती. राग आला होता, आणि त्याच वेळी मला कळत होतं की वर्षभरात पहिल्यांदा माझ्या बोटांना काहीतरी हवं झालं आहे. सासूबाईंनी कंबरेवर हात ठेवून, कष्टाने, जमेल तेवढी पाठ सरळ केली. मग कुंचला माझ्या हातात दिला.

"आणि यंदा," त्या म्हणाल्या, "मला बसलेली काढ हो."