फाटल्या जागची गाठ

आरमोरीच्या कविसंमेलनात ती माझ्या शेजारी बसली होती. तिचं नाव टाळ्यांत बुडालं, मला ते कधी कळलंच नाही. तलावात मासोळ्या धरणाऱ्या घरातली बाई. बसल्या बसल्याही पदराच्या दशांना गाठी मारत होती.

तिची पाळी आली. बुडालेल्या आपल्या मुलावरची कविता म्हणताना मध्येच तिचा आवाज फुटला. सूत्रसंचालक माईककडे सरकला.

"थांब ना भाऊ, पळून नाई राह्यली मी!"

लोक हसले. तिने डोळे पुसले, त्याच ओळीपासून पुन्हा सुरुवात केली आणि कविता शेवटाला नेली. मी थक्क होऊन पाहत राहिलो.

ती परतल्यावर मी विचारलं, "ती ओळ गाळत का नाही?"

"जाळं फाटलं तं फेकून देते का कोणी? फाटलं तिथीच गाठ मारा लागते."

मग माझी पाळी आली. पावसावरची कविता मी खिशातच ठेवली. बायको गेल्यापासून तिचं नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

"सुमन," मी म्हणालो. पुढे शब्दच फुटेना. सूत्रसंचालक उठला.

"बस बाप्पा," खालून तिने त्याला दटावलं, "हे भाऊ कुठी पळून नाई राह्यले."