दानियेलची ओळ

चर्चच्या क्वायरमध्ये पंधरा-वीस वर्षं काढली की गाणं येवो न येवो, किस्से मात्र गळ्यापर्यंत साठतात. एक काढायला जावं तर मागून चार येतात!

आमचं चर्च कोल्हापुरातलं, लहानसं. क्वायर त्याहून लहान, मोजून अकरा माणसं. मी टेनरमध्ये, पुरुषांच्या वरच्या सुरात. म्हणजे रूथमावशींनी मला तिथे उभं केलं होतं, कारण तिथे माझा आवाज कमीत कमी ऐकू येतो, असं त्या सगळ्यांदेखत सांगायच्या.

रूथमावशी क्वायरच्या प्रमुख. आयुष्यभर नर्स म्हणून वॉर्ड सांभाळलेला, त्यामुळे बेसूर माणसाकडे त्या औषध न घेणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं बघत. पेटीवर बेंजामिनअप्पा. आणि खर्जात दानियेल. त्यानं तोंड उघडलं की बाकावरच्या चष्म्याच्या डब्या थरथरायच्या.

मावशींच्या वडिलांनी रचलेलं एक गीत आम्ही महिन्यातून एकदा तरी म्हणायचोच. त्यात आम्ही सगळे मिळून विचारायचो, 'कोण उभा दारात?' मग आम्ही गप्प, पेटी गप्प, आणि एकटा दानियेल उत्तर द्यायचा, 'मीच तो, प्रभू, मीच.' ती ओळ ऐकायला लोक लवकर येऊन पुढे बसायचे.

*

दानियेलला कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली. आम्ही आनंदानं पेढे खाल्ले. मग एक रविवार शिफ्टमुळे चुकला. दुसरा झोपेमुळे. पुढचे का चुकले, ते त्यालाही सांगता येईना. कुणाशी भांडण नाही, काही नाही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं!

माणूस विश्वासातून मागे फिरतो तेव्हा काहीतरी मोठं घडत असेल, असं मला वाटायचं. इथे काहीच घडलं नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. कारण झोप मलाही प्रिय होती.

प्रॅक्टिसला मी विचारलं, "मावशी, दानियेलची ओळ आता कुणाला द्यायची?"

"का? दानियेल मेलाय काय?"

"तसं नाही, पण मग तिथं काय म्हणायचं?"

"काय म्हणायचं न्हाय. थांबायचं."

थांबलो. सात वर्षं थांबलो!

*

ते थांबणं काही सोपं नव्हतं. एका रविवारी आम्ही जोरात विचारलं, 'कोण उभा दारात?' आणि नेहमीसारखे गप्प झालो. इतक्यात दारातून खणखणीत आवाज आला, "मी हाय, पावणं! बाहेर स्कूटर कुनाची हाय? उसाची ट्रॉली अडकलीया!"

स्कूटर पाळकसाहेबांची होती. ते उपदेशाचे कागद तसेच ठेवून पळाले.

*

जयसिंगपूरला गायनाची स्पर्धा होती. गाणं छान झालं. निकाल सांगताना परीक्षक म्हणाले, "सगळं उत्तम. फक्त मध्ये एक जागा रिकामी पडते, तेवढे मार्क गेले."

मावशी तिथल्या तिथे उभ्या राहिल्या. "साहेब, ती रिकामी न्हाय. राखीव हाय!"

एस.टी.त रुमाल टाकून जागा धरावी, तशी ती ओळ मावशींनी धरून ठेवली होती. नंबर काही आला नाही. परतीच्या गाडीत सगळे मावशींवर रुसून बसले होते, मीसुद्धा.

*

माझाही एकदा पाय घसरला. रविवारी भारताची मॅच होती. पोट बिघडल्याचा निरोप पाठवला आणि भज्यांची ताटली घेऊन टीव्हीसमोर बसलो.

बारा वाजता दार वाजलं. मावशी, त्यांच्यामागे अख्खी क्वायर, आणि सगळ्यांत मागे पेटी खांद्यावर घेतलेले अप्पा!

"उपासना चुकली न्हवं तुझी?" मावशी म्हणाल्या. "म्हणून घरपोच आणलीया."

टीव्हीचा आवाज बंद करून त्यांनी चार गीतं म्हटली. मी उभं राहून ऐकली. मग मावशींनी आवाज सुरू केला, माझी भजी समोर ओढली आणि शेवटच्या ओव्हरपर्यंत मॅच बघितली.

*

दानियेलला समजावून परत आणायचं काम पाचव्या वर्षी मावशींनी मला आणि अप्पांना दिलं. रविवारी दुपारी आम्ही कागलला त्याच्या खोलीवर गेलो.

"सलाम, अप्पा! या की, बसा!" त्यानं स्वतः मटण केलं होतं. आम्ही बसलो ते ताटावरच.

वाढता वाढता त्यानं विचारलं, "माझी वळ आता कोण म्हनतंय?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "तिथं आम्ही थांबतो."

"पाच वर्सं?" तो हसला. मग हसायचा थांबला आणि हातात पळी घेऊन तसाच उभा राहिला. "मावशीला सांगा, थांबू नगा म्हणावं. मी आता कुठल्या तोंडानं येऊ?"

आम्ही तिसऱ्यांदा रस्सा घेतला.

परत येताना गाडीत अप्पा एकदम म्हणाले, "आपण त्याला 'ये' म्हणालो का रं?"

"नाही."

हे ऐकून मावशी भडकल्या. "जेवायला तेवढं तोंड उघडलं व्हय!" दानियेलच्या निरोपाला उत्तर म्हणून त्यांनी पुढच्या रविवारी तेच गीत ठेवलं.

*

सातव्या वर्षी नवे पाळकसाहेब आले. ईस्टरच्या आठवड्यात ते अदबीनं म्हणाले, "मावशी, यंदा ती ओळ कुणीतरी म्हणू दे. पुनरुत्थानाचा सण आहे."

मावशी तेव्हा काठी घेऊन चालायच्या. त्यांनी चष्मा पुसला आणि काठी माझ्याकडे रोखली. "ह्यो म्हणंल."

अप्पांची पेटी थांबली. "ह्यो? मावशी, ह्यो?"

"व्हय. ह्योच."

शनिवारी अप्पा एस.टी.नं कागलला जाऊन आले. कशाला, ते त्यांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही.

ईस्टरच्या सकाळी चर्च भरलं होतं. सगळ्यांनी विचारलं, 'कोण उभा दारात?' मी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं...

'मीच तो, प्रभू, मीच.'

आवाज मागून आला होता. बाकावरच्या चष्म्याच्या डब्या थरथरल्या. दारात दानियेल उभा होता, अंगात कंपनीचा युनिफॉर्म, हातात डबा, शिफ्ट सुटल्यावर तडक आलेला. माझं तोंड उघडंच राहिलं. अप्पांना पेटीच्या पट्ट्या दिसेनात.

रूथमावशींनी मागे वळून पाहिलं नाही. काठी उचलून साऱ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "अर्धी मात्रा उशीर झालाय. पुन्यांदा घ्या!"