शरदचंद्रांची चोख फाईल

आमच्या ह्यांना, म्हणजे शरदचंद्रांना, कॅनडात येऊन काय केलंत असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "एकही अपुरी फाईल पुढे जाऊ दिली नाही." त्रुटी काढायला पुण्याच्या जिल्हा परिषदेत शिकले आणि मॉन्ट्रियलच्या सरकारी कचेरीत इमिग्रेशनचे अर्ज तपासताना ती विद्या फळाला आली. अजूनही ग्रोसरीच्या यादीवर तारीख आणि खाली सही असल्याशिवाय दुकानात जात नाहीत.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास सोव्हिएत रशियातल्या ज्यूंचे अर्ज यायचे. तिकडचं सरकार त्यांना सोडत नव्हतं. देश सोडायचाय एवढं नुसतं कळलं तरी नोकरी जायची. इकडचे साहेब भाषणांत गळा काढायचे, त्यांना सोडा हो, सोडा! आणि अर्ज आला की ह्यांची कचेरी विचारायची, नोकरीचा दाखला कुठाय? बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.

आमच्या कॉन्डोत वरच्या मजल्यावर सोफिया राहते. एक्याऐंशी साली तिनं भावाला, ग्रिगोरीला, स्पॉन्सर केलं होतं, अगदी गुपचूप. तरी महिन्याभरात त्याच्या कारखान्याला कळलं. नोकरी गेली, मग बेकार म्हणून इकडूनही नकार. नऊ वर्षं अडकला. सुटल्यावर थेट इस्रायलमध्ये, हैफाला गेला, बहिणीचं तोंड पाहिलं नाही. तूच कुठेतरी बडबडलीस, हा त्याचा ठपका. आता तो अंथरुणाला खिळलाय. तो जायच्या आत सोफियाला एवढंच कळायला हवं होतं, चुगली केली कुणी?

"माहितीच्या अधिकारात त्याची जुनी फाईल मागवू या," हे उत्साहानं म्हणाले. अर्ज इतका सुबक भरला की सोफियानं केक करून पाठवला. ह्यांनी तो हक्कानं खाल्ला.

मंगळवारी पाकीट आलं. तिला मोतीबिंदू, म्हणून वाचून घ्यायला ती आमच्याकडे आली. हे चष्मा लावून ऐटीत वाचू लागले आणि चौथ्या पानावर थांबले. काय आहे, तिनं विचारलं.

"नथिंग. ऑफिस कॉपी."

पान हळूच स्वेटरच्या खिशात गेलं. पन्नास वर्षांत ह्यांनी फाइलीतला कागद काढलेला मी पाहिला नव्हता.

सोफिया गेल्यावर मी सरळ खिशात हात घातला. कारखान्याच्या मॅनेजरला पत्र होतं: आपले कर्मचारी ग्रिगोरी यांनी कॅनडात स्थायिक होण्यासाठी अर्ज केला आहे, तरी ते आपल्याकडे नोकरीस असल्याची खात्री कळवावी. खालची सही मी रोज ग्रोसरीच्या यादीवर बघते.

"अहो, कारखान्यालाच पत्र?"

"दाखला व्हेरिफाय करायला नको?"

"नियमात होतं तसं?"

"नव्हतं. मी स्वतःहून..." अभिमानानं सुरू झालेलं वाक्य मध्येच बसलं. "अरुणा, ऐंशी वर्षांचा झालो मी. तिला आता कळून काय फायदा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "फाईल अपुरी आहे," मी म्हटलं. "उठा, आणि तिला नेऊन द्या."

हे उठले नाहीत.

मग मीच वर गेले. सोफियाला पत्र शब्दन् शब्द वाचून दाखवलं. सही कुणाची, तिनं विचारलं. माझ्या नवऱ्याची, मी सांगितलं. मग तिनं हैफाचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"तूच सांग त्याला," ती म्हणाली. "माझ्यावर तो विश्वास ठेवणार नाही."