प्रणिताला सोसेल असं काही

दिलीपरावांना एका जागी बसवत नाही, हे सिंगापुरात, बेडोकमधल्या त्यांच्या ब्लॉकमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. स्वारगेटला एसटीचे वाहतूक नियंत्रक म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस. गाडी पाच मिनिटं लांबली की फलाटावर येरझारा घालायची सवय अंगात मुरलेली. बायको गेल्यावर ते मुलीकडे, प्रणिताकडे राहायला आले त्याला आता तीन वर्षं झाली होती. इमारतीखाली पट मांडून बसणारे चिनी म्हातारे त्यांना 'वॉकिंग अंकल' म्हणत.

पण या आठवड्यातल्या येरझारांना कारण होतं. प्रणिताला तिसरा महिना सरत आला होता आणि पोटात पाण्याचा घोटही ठरत नव्हता. पंधरा दिवसांत चार किलो वजन उतरलं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "गुरुवारपर्यंत आणखी उतरलं तर दाखल करून घेऊ, सलाइन लावावं लागेल." जावई अनीश जुरोंग ईस्टच्या ऑफिसातून दर दोन तासांनी फोन करी आणि एवढंच विचारी, "बाबा, काही खाल्लं का तिनं?" उत्तर द्यायचं काम दिलीपरावांचं.

त्यांनी कसर ठेवली नव्हती. गुरगुट्या भात, मुगाचं वरण, ताकाची कढी, सगळं बायकोच्या हाताखाली पाहून शिकलेलं. पण मोहरी तडतडली की आधी बेडरूमचं दार धाडकन लागे आणि मागोमाग बाथरूमचं.

"बाबा, फोडणी नका ना करू!"

"अगं, चिमूटभर हिंग टाकला नुसता."

"हिंगच तर..." पुढचं वाक्य नळाच्या आवाजात वाहून जाई.

मग ते बिनफोडणीचं वरण करायला घेत. शिजलं की चव बघत, आणि त्यांचं त्यांनाच ओशाळं वाटे. हे काय पोरीच्या पुढ्यात ठेवायचं? मग जिरं. फक्त जिरं. आणि पुन्हा दार.

सोमवारी सकाळी प्रणिता भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत आली. गालफडं बसलेली, आवाज मात्र आईचा. "बाबा, आता तुम्ही गॅसपाशी जायचं नाही. शपथ आहे माझी."

मग घरात करायचं काय? दिलीपरावांनी बूट चढवले.

त्या दिवशी ते मुलीचं नाक घेऊन बेडोकभर हिंडले. हॉकर सेंटरमध्ये एकेका टपरीसमोर उभं राहून वास घेतला. इथे तळलेली मासळी, तिथे सोया सॉस, पलीकडे लाल रश्शाचा ठसका. विक्रेते विचारत, "अंकल, काय पाहिजे?" आणि ते मान हलवून पुढे जात. मंडईच्या मागच्या ब्लॉकखाली पूर्वी शिंप्याचं दुकान होतं. तिथे नवी पाटी दिसली, 'क्यूबाचं घरगुती जेवण'. आत चार टेबलं, फुलाफुलांचे प्लास्टिकचे टेबलक्लॉथ, आणि दाराशीच स्टुलावर बसून मनगटाएवढा जाड कंद सोलणारी एक ठेंगणी, सावळी बाई. तपकिरी साल निघाली की आतून पांढराशुभ्र.

दिलीपरावांनी ओळखला. केरळच्या सहलीत पाहिला होता. याचाच साबुदाणा होतो! म्हणजे उपासाचं झालं, आणि जे उपासाला चालतं ते पोटाला सोसतं, असा त्यांचा सरळ हिशेब.

"हे उकडता?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "मांस नाही ना यात?"

"मांस त्या काळ्या घेवड्यात. डुकराचं हाड असतं," बाई पातेल्याकडे बोट दाखवत म्हणाली. "यात काही नाही. बसा अंकल, देते." ती स्वतः साठीला टेकलेली, पण वीस वर्षं सिंगापुरात काढल्यावर तीही सगळ्यांना अंकल म्हणू लागली होती. नाव ओदालिस.

तिनं वाफाळते तुकडे डब्यात भरले, दुसऱ्या हातानं छोटी कढई उचलली आणि दिलीपराव तोंड उघडायच्या आत लसणाचं कडकडीत तेल वरून ओतलं. चर्र!

तो आवाज त्यांनी जगात कुठेही ओळखला असता. डबा घेऊन निघाले खरे, पण लिफ्टपाशी पाय अडखळले. घराचं दार उघडायच्या आतच तो वास बेडरूममध्ये पोचला असता. शेवटी खालच्या बाकावर बसून त्यांनीच तो डबा संपवला. चार दिवसांत पहिल्यांदा जेवल्यासारखे जेवले, आणि शेवटच्या घासाला लाज वाटली. वर पोरगी उपाशी, आणि बाप खाली बोटं चाटतोय.

मंगळवारी दुकान उघडायच्या आधीच ते दारात हजर.

"तेल नको. लसूण नको. नुसता उकडलेला द्या."

ओदालिसनं कमरेवर हात ठेवले. "नुसता? ते हॉस्पिटलचं जेवण झालं. माझ्या दुकानातून तसं नाही जाणार, अंकल."

"हॉस्पिटल टळावं म्हणूनच मागतोय." मग उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. महिना, किलो, गुरुवार. "मीही तुमच्यासारखाच. प्रत्येक गोष्टीवर गरम तेल ओततो. राहवत नाही."

ओदालिस खळखळून हसली. "मला दोन्ही खेपांना दोरीवरच्या ओल्या कपड्यांचासुद्धा वास मारायचा." तिनं तुकडे भरले, मधली दोरीसारखी शीर कशी काढायची ते दाखवलं, मीठ आणि एक लिंबू वेगळं दिलं. "याला काहीही करायचं नाही. हात मागे बांधून ठेवा."

प्रणितानं एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. मग अर्धा. दिलीपराव हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते हॉल करत बाथरूमच्या दारावर नजर ठेवून होते. वीस मिनिटं झाली. पंचवीस.

"बाबा, चकरा नका मारू, मला गरगरतंय."

ते थांबले. दार उघडलं नाही.

बुधवारी सकाळी दुकानाचं शटर खाली. 'बुधवारी बंद' ही चिठ्ठी त्यांनी तीनदा वाचली, शटर वाजवलं, शेजारच्या किराणावाल्याला विचारलं. "बंद म्हणजे बंद लाह, अंकल," तो सिंगापुरी हेल काढून म्हणाला. आणि उद्या गुरुवार.

ते तडक मंडईत गेले, दोन जाड कंद घेतले, घरी येऊन शपथ मोडून गॅसपाशी उभे राहिले. कंद शिजला, शीर काढली, ताटलीत घेतला. गरीब बिचारा दिसत होता. हात आपसूक जिऱ्याच्या डब्याकडे गेला. झाकण उघडलंही. मग त्यांनी डबा तसाच ओट्यावर ठेवला, ताटली उचलली आणि जवळजवळ पळतच बेडरूम गाठली.

"कुठून आणलं?" तोंडात घास असताना प्रणितानं विचारलं.

"मीच केलं."

तिनं बापाकडे पाहिलं, नाक वर करून हवेचा वास घेतला, आणि पाच तुकडे खाल्ले.

गुरुवारी दवाखान्यात वजनकाट्यापाशी नर्स म्हणाली, "चपला काढा."

"राहू दे की," दिलीपराव घाईनं म्हणाले.

"बाबा!"

काटा थरथरला आणि ठरला. गेल्या वेळेपेक्षा शंभर ग्रॅम जास्त. दिलीपरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज घरी जा. जे सोसतंय तेच द्या. पुढच्या गुरुवारी परत बघू."

"म्हणजे अजून सात दिवस," दिलीपराव बाहेर आल्यावर म्हणाले. अनीशला फोन करून झाला, टॅक्सी यायची होती. प्रणितानं शेजारच्या खुर्चीवर हात थोपटला. "बसा ना जरा." ते बसले, अर्ध्या मिनिटात उठले.

"आज रताळं उकडून बघू का? नुसतं. मीठसुद्धा तू सांगशील तेवढंच."

प्रणितानं डोळे मिटून विचार केला. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच ती खाण्याचा विचार करत होती.

"मीठ जरा जास्त," ती म्हणाली. "आणि गरम हवं, बाबा."